आई जेवली का

बालिकपापानची बोट, मग रात्रीची बस,
सगळी वळणं पोटात घेऊन तू आलास
तेव्हा कोंबडेही झोपेत होते.
मी शिडीच्या वर कंदील धरला.
दाढी दिसली आधी, मग तू.
पहिल्यांदाच वाटलं, वर येतोय तो पाहुणा आहे.

दक्षिणेच्या खोलीत आई.
चौदा महिने.
आपल्याकडे तिला अजून आजारीच म्हणतात,
तू विसरला नसशील.
म्हशी जमेपर्यंत, पापुआतल्या मामांना रजा मिळेपर्यंत
माणूस आजारी असतं.
सकाळी मी तिला कॉफी देते, दुपारी भात,
घराबाहेर पडताना सांगून जाते,
आले गं, मिरच्या तोडून.

आणि तुझ्याकडे
दिवस मावळायच्या आत माती.
गेल्या वर्षी फोनवर म्हणालास,
सान्दा, मोकळं कर तिला. छळ आहे हा.
मी फोन आपटला.
तुझ्या नव्या नावाला तेव्हा काय काय बोलले
ते चर्चच्या बाकावर गुडघे टेकूनही
अजून कबूल केलेलं नाही.

आता तू उंबऱ्यात उभा.
ओठ हलत होते, आवाज नव्हता.
मी तयारीत होते,
चौदा महिने धार लावलेली उत्तरं होती माझ्याकडे.

तू खाली बसलास,
त्या लाल कापडाच्या गुंडाळीपाशी, मांडी घालून,
आणि विचारलंस,
आई जेवली का?

खोटं बोलताना तुझा डावा कान लाल होतो,
लहानपणापासून.
कंदील जवळ नेऊन पाहिला मी.
नव्हता.

मला काही सुचेना. म्हटलं, नाही अजून.
तुझ्यासाठी थांबली होती.

कोपऱ्यात ते पातेलं होतं, आठवतं?
तू येणार कळल्यावर रांतेपाओच्या बाजारातून आणलेलं.
डुकराच्या चरबीचा वाससुद्धा न लागलेलं.
दुकानदाराला तीनदा विचारलं, कोरं आहे ना?
तो हसला. म्हणाला, बाई, भांड्याला कसला धर्म?
म्हटलं, भांड्याला नाही,
भावाला आहे.

पहाटे तू फोनमधला बाण फिरवत पश्चिम शोधलीस.
बाण नेमका त्या खिडकीकडे,
जिच्याखाली मेजवानीची अठरा डुकरं.
तू काही बोलला नाहीस. चटई अंथरलीस.
मी अंधारात शिडी उतरले,
रताळ्याच्या पाल्याची पाटी घेऊन, वेळेच्या आधीच.
तोंडात पाला असला की ती ओरडत नाहीत.
वर तू वाकत होतास, खाली मी वाकत होते,
आणि त्या जनावरांचा तेवढा मचमच आवाज.

मग ऑगस्ट.
आईला फिरवून उत्तर-दक्षिण ठेवलं
आणि त्या सकाळी ती वारली.
तू तेव्हा रडलास. मी चौदा महिने रडून घेतलं होतं.
पहिली म्हैस तुझ्या हाताखाली, तुझ्या शब्दांनी गेली.
काकांना ते रुचलं नाही,
वाटा घेतला नाही त्यांनी, अजून धुसफुसतात.
कड्याकडे नेताना तिरडीचा पुढचा दांडा तुझ्या खांद्यावर होता.
पास्टरांनी डोळे मिटले, सगळ्यांनी मिटले.
तू नाही.
मी बोटांच्या फटीतून पाहत होते :
उघडे डोळे, उघडे तळवे,
पाणी झेलायला धरावेत तसे.

तुझं मला पटलेलं नाही, तांदी.
आईला घाईघाईनं मातीत लोटायचं, हे काळजाला अजून रुततं.
तुलाही वाटत असेल, आम्ही तिला अडकवून ठेवलं.
वाटू दे.

परवा संध्याकाळी तुझा फोन आला, रमजानातला.
मी ताटावर होते. घास हातात.
भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं,
तुझ्याकडे सूर्य अजून दहा मिनिटं होता.
घास परत ठेवला, ताटावर झाकण घातलं.
बोल, म्हटलं.
मला काही घाई नाही.